‘आयदान’ हे मोटिव्हेशनल पुस्तक नाही

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. मेलमध्ये मात्र नोकरी गेली असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ‘तुमच्या प्रवासातला नवा टप्पा’ असं लिहिलं होतं. पुढचे चार महिने मी दिंडोशीच्या घरात लॅपटॉप उघडून अर्ज करत बसायचो आणि जो भेटेल तो तेच वेगळ्या शब्दांत सांगायचा: याच्याकडे संधी म्हणून बघ, यातून वाढशील. याच काळात फोनवर एक रील आलं. हरल्यासारखं वाटत असेल तर वाचायची पाच मराठी पुस्तकं. चौथ्या नंबरवर उर्मिला पवारांचं ‘आयदान’, आणि खाली ओळ: वेदनेतून विकास. रील बनवणाऱ्याने पुस्तक वाचलं नसावं. तरी त्याचे उपकार मानतो, कारण त्याच्यामुळे मी वाचलं.

खरं सांगायचं तर मी ते औषधासारखं घ्यायला गेलो होतो. एवढं सोसून ही बाई लेखिका झाली, तुझं काय चाललंय, असं कुणीतरी दटावून सांगावं अशी अपेक्षा होती. ते वाक्य येईल म्हणून मी पानं उलटत राहिलो. ते आलं नाही.

‘आयदान’ २००३ साली ग्रंथालीने प्रकाशित केलं. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावातल्या दलित कुटुंबातलं बालपण, वडील लवकर गेलेले, आई बांबूची सुपं-टोपल्या विणून घर चालवते. बांबूच्या या वस्तूंना तिकडे आयदान म्हणतात. लेखिका आपल्या लिहिण्याचं नातं आईच्या विणण्याशी जोडते. रीलवाल्यांना हीच प्रतिमा आवडते: दुःखाच्या कामट्यांमधून विणलेली सुंदर टोपली. पण पुस्तकातली आई मन रमवायला विणत नाही, विकायला विणते. तिच्या विणीत आणि मुलीच्या लिखाणात समान धागा आहे तो वेदनेचा. विणून झालं म्हणून ती वेदना संपली किंवा तिचं सोनं झालं, असा दावा मला कुठे दिसला नाही. कामटी विणल्यावरही कामटीच राहते.

शाळेतला एक प्रसंग आहे. शाळेच्या आवारात पडलेलं शेण काढायचं काम या मुलीच्या वाट्याला येतं आणि वर मास्तर मारतात. आता आपल्याकडच्या कुठल्याही यशोगाथेत हा प्रसंग कसा येतो ते आठवून बघा. पोरगी रडत घरी येते, आई डोक्यावरून हात फिरवते, शिकून मोठी हो म्हणते, आणि पंचवीस वर्षांनी पोरगी गाडीतून उतरते. इथे आई अंगणात विणत बसलेली असते आणि त्या वाटेने जाणाऱ्या मास्तरांना थांबवून जाब विचारते. संपलं. अपमानातून काय शिकायचं हे ती मुलीला सांगत नाही. मास्तरांनी काय करायचं नाही, हे ती मास्तरांना सांगते. मुलीला त्यातून बळ मिळतं, हे खरं. पण ते बळ माराने दिलेलं नाही, आईने दिलंय. हा फरक मला आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

माझ्या कामात याला एक नेमका शब्द आहे. तक्रारीचं तिकीट बंद करायचे दोन मार्ग असतात. एक, बग दुरुस्त करायचा. दुसरा, ‘सिस्टीम अशीच चालणं अपेक्षित आहे’ असा शेरा मारून क्लोज करायचं. डॅशबोर्डवर दोन्ही तिकिटं सारखीच हिरवी दिसतात. ‘समस्येकडे संधी म्हणून बघा’ हा बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारचा शेरा असतो. गंमत म्हणजे तो शेरा मारतं कोण? ज्याच्या कोडमध्ये बग आहे तोच.

‘आयदान’ची सगळ्यात अवघड बाजू पुढे येते, आणि ती रीलमध्ये मावणारी नाही. नेहमीच्या प्रेरणादायी पुस्तकाचा क्रम ठरलेला: आधी समस्या, मग वाढ. इथे क्रम उलटतो. लग्न प्रेमाचं. मुंबईत आल्यावर ती सरकारी नोकरी करते, मुलं सांभाळते आणि मराठीत एम. ए. करते. लिहायला लागते, सभांना जाते. आणि नेमकी ही वाढच घरात खुपायला लागते. नवरा वाईट माणूस म्हणून रंगवलेला नाही. उलट त्याच्यावरचं प्रेम तिने जितक्या मोकळेपणाने लिहिलंय तितकं मराठी आत्मकथनांत क्वचित सापडतं. पण बायकोचा पगार चालणाऱ्या या माणसाला बायकोचं शिक्षण आणि लिहिणं जड जातं. म्हणजे ती जितकी मोठी होते तितकं घर तिला लहान पडतं. ‘ग्रोथ’ हा शब्द आपण असा वापरतो जणू ती फुकट मिळते. तिचं बिल कोण भरतं, हे या पुस्तकात दिसतं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. विचार बदलून त्रास कमी करता येतो, हे थोतांड नाही. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडक्यांनी मराठीत आणली, आणि त्या चार महिन्यांत त्यांच्या लिखाणाने मला झोप दिली. पण एलिस वाईट गोष्टीला चांगली म्हणायला सांगत नाही. वाईटाला वाईटच म्हणा, फक्त ‘आता सगळं संपलं’ म्हणू नका, एवढंच त्याचं मागणं. रीलवाल्यांनी त्यातलं पहिलं अर्धं गाळलं.

‘आयदान’ वाचत होतो तेव्हा संध्याकाळी पाय मोकळे करायला नागरी निवाराच्या बाजूने फिरायचो. लहानपणापासून हे नाव मी बसस्टॉपच्या नावासारखं ऐकत आलोय. मुंबईत घर परवडत नाही, ही प्रत्येकाची खासगी अडचण होती. काटकसर कर, विरारला बघ, धीर धर, असा सल्ला मिळणारी. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अडचणीवर कुणाला धडे दिले नाहीत. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली जादा ठरणारी जमीन सामान्यांच्या घरांसाठी द्या, अशी मागणी केली, त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले, आणि दिंडोशीत हजारो कुटुंबांना घरं मिळाली. पाण्याचंही तसंच. गोरेगावातल्या बायकांनी नळाला पाणी नाही याला सहनशक्तीचा सराव म्हटलं असतं, तर मृणालताईंना कुणी पाणीवाली बाई म्हटलं नसतं. फणसवळ्याच्या अंगणातून मास्तरांना हाक मारणारी आई मला इथे पुन्हा दिसली.

उर्मिला पवारही एकटीच्या वाढीवर थांबल्या नाहीत. मीनाक्षी मून यांच्यासोबत त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. ते १९८९ साली आलं, ‘आयदान’च्या चौदा वर्षं आधी. स्वतःची गोष्ट सांगण्यापूर्वी दुसऱ्यांच्या गोष्टी गोळा केल्या, हा क्रमही बघण्यासारखा आहे.

पुस्तकात सगळंच जमलंय असं नाही. मुंबईतल्या संस्था, परिषदा, कार्यक्रम यायला लागतात तिथे लिखाण सैल पडतं, नावांची यादी वाटायला लागते. कोकणातल्या पायवाटांवर, डोक्यावर ओझं घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका जशा घामासकट समोर उभ्या राहतात, तसे सभागृहातले लोक राहत नाहीत. यशाची पानंच सगळ्यात फिकी आहेत.

आणि मग तरुण मुलाच्या मृत्यूची पानं. ती मी दोनदा वाचली. ‘यातून मी शिकले की’ अशा अर्थाचं काही तिथे असेल का, हे सवयीने शोधत होतो. मला सापडलं नाही.

चार महिन्यांनी नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगारावर. शेवटच्या राउंडला समोरच्याने हसत विचारलं, या गॅपमधून काय शिकलास? मी म्हटलं, पेशन्स. त्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं.