माद्रेदेउशच्या गावी जाण्यापूर्वी

मे महिन्यात साळावली धरणाचे पाणी ओसरले म्हणजे सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव थोडे दिवस वर येते. मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ साली याच गावी झाला. काही वर्षांपूर्वी मी मुद्दाम तेथे गेले होते. घरांची जोती, तडकलेला गाळ आणि झाडांचे काळे बुंधे एवढेच पाहावयास मिळाले. मोगूबाईंच्या गाण्यात लयीची जी अवघड वळणे आहेत त्यांचा काही सुगावा तेथे लागेल, अशी माझी भाबडी समजूत होती. ती फोल ठरली, आणि तसे होणे रास्तच होते. ते गाणे घडले अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत, कुर्डीपासून पुष्कळ दूर. परतताना माझे मलाच हसू आले. परंतु तेव्हापासून बाईंची ध्वनिमुद्रिका लावली की तो गाळ डोळ्यांपुढे येतो; त्यामुळे गाणे मला अधिक कळते की कमी, हे अद्याप ठरविता आलेले नाही.

हा प्रश्न पुन्हा उभा राहण्याचे कारण असे की, गेले वर्षभर मी एकटीने लिस्बनला जाण्याची तयारी करीत आहे, आणि तीही एका वाद्यवृंदाच्या नादाने. गोव्यात आज कोणी पोर्तुगालला जावयास निघाला की शेजारी हळूच विचारतात, “पासपोर्टासाठी काय?” १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला राहिल्याने हा संशय येणे स्वाभाविक आहे. मी गाण्यासाठी जात आहे, हे सांगितले की संशय दूर होण्याऐवजी अधिकच दाट होतो.

माद्रेदेउशची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. १९८५ साली लिस्बनमध्ये पेद्रु आयरिश मागाल्याँइश आणि रोद्रिगु लेयाँव या दोघांनी विजेच्या वाद्यांचा गोंगाट बाजूस ठेवून नवे काही रचावयास घेतले. गॅब्रिएल गोमिश यांचे अ‍ॅकॉर्डियन व फ्रान्सिश्कु रिबैरु यांचा चेलो येऊन मिळाला. गायिका मिळाली ती तेरेझा साल्गैरु. वय अवघे सतरा. १९८७ सालची पहिली ध्वनिमुद्रिका शाब्रेगश भागातील एका नाट्यगृहात ध्वनिमुद्रित झाली. हे नाट्यगृह जुन्या मठाच्या चर्चमध्ये थाटलेले आहे. जवळच माद्रे दे देउशचा मठ आहे. तो १५०९ साली राणी लिओनोरने स्थापिला, म्हणजे आल्बुकेर्कने गोवे घेण्याच्या आदल्या वर्षी. वाद्यवृंदाने नाव घेतले ते या वस्तीचे.

जगभरच्या विक्रेत्यांनी या संगीतावर ‘फादु’ अशी चिठ्ठी डकविली, आणि आपल्याकडील रसिकही तेच म्हणत आले. ही चूक क्षुल्लक नव्हे. फादूचा प्राण असलेली बारा तारांची पोर्तुगीज गितार येथे नाहीच. फादूत गायिका शब्दाला धरते, ओढते, कधी सोडून देते, आणि साथीदार तिच्या मागे धावतात. आपल्या ठुमरीच्या रसिकाला ते चटकन ओळखीचे वाटेल. माद्रेदेउशमध्ये घडते ते याच्या उलट. गितारींनी एक वीण आधीच विणून ठेवलेली असते, तीत सहसा बदल होत नाही, आणि तेरेझाचा स्वर त्यावरून जवळजवळ न थरथरता जातो. तिच्या गाण्यात दुःखाची कबुली नसते. दुःख दुरून पाहिले जाते. चेलोच्या लांब सुरांमुळे तंबोऱ्याची उपमा देण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. तंबोरा गायकाला घर देतो. हा चेलो पुष्कळदा गायिकेपासून दूर दूर जात राहतो, आणि त्या अंतरातच गाण्याचा अर्थ असतो. ढोल किंवा झांज कोठेच नाही. १९९० सालच्या ‘एझिश्तिर’ या ध्वनिमुद्रिकेतील मेंढपाळाचे गाणे जगभर गाजले ते या गुणांच्या बळावर. तथापि माझ्या मते १९९४ चे ‘उ इश्पिरितु दा पाज’ त्याहून सरस आहे, कारण तेथे लोकांना आवडण्याची घाई नाही.

मी प्रवासाचा आराखडा आखावयास बसले तेव्हा हाताशी घेतली ती मात्र तिसरीच ध्वनिमुद्रिका, १९९५ ची ‘आइंदा’. वाचकांनी तिच्यातील गाण्यांची नावे एकदा पाहावीत. तेजो नदी, आल्फामा, मौरारियाचे आकाश, सांता कातारीनाचा सज्जा. हे काही गीतसंग्रहाचे सांकलिये वाटत नाही, चक्क नगरदर्शनाची यादी वाटते. मी ती जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली आणि तीन दिवसांची सोय झाली म्हणून खूषही झाले. नंतर शंका आली. ही गाणी गावासाठी सुचली, की गावाने ती मागविली? ‘आइंदा’चा जन्म विम वेंडर्स यांच्या ‘लिस्बन स्टोरी’ या चित्रपटासाठी झाला. १९९४ साली लिस्बन युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरले, त्या निमित्ताने तो निघाला. आधीच्या गाण्यांत समुद्र होता, रात्र होती, वाट पाहणे होते, पण कोणत्या सज्जातून पाहावे हे कोणी सांगत नव्हते. ‘आइंदा’त ते सांगितले जाते आणि त्या प्रमाणात गाणे लहान होते. अपवाद एकच, ‘व्हियाजँश इंतेरदीताश’ म्हणजे निषिद्ध प्रवास. आणि त्याच्या नावात कोणतेही ठिकाण नाही, ही गोष्ट मला सूचक वाटते.

चित्रपटाविषयी मात्र इतके कठोर होता येत नाही. त्यातील ध्वनिमुद्रक फिलिप विंटर हा मित्राच्या पत्रावरून एकटाच मोटारीने लिस्बनला येतो, पायाला प्लॅस्टर, आणि मित्राचा पत्ता नाही. मग तो ध्वनिग्राहक घेऊन गल्लीगल्लीतून आवाज टिपत हिंडतो. रिकाम्या वाटणाऱ्या त्या घरात दुसऱ्या खोलीतून सूर येतात आणि तो दाराशी जातो, हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेन! वेंडर्सचा कॅमेरा पुढे तेरेझाच्या चेहऱ्यावर अंमळ जास्तच रेंगाळतो, आणि उतारावरच्या ट्रामी पोस्टकार्डासारख्या दिसू लागतात. पण परक्या गावी एकट्या माणसाचे कान कसे उघडतात, हे मी इतके खरे दुसरीकडे पाहिलेले नाही. सोबत असली की आपण पाहिलेल्याविषयी बोलतो, आणि बोलण्यात ऐकणे राहून जाते. एकटीने जाण्याचे माझे कारण इतकेच आहे.

हे कारण आत्याला पटवून देणे मात्र सोपे नव्हते. “एकलेंच वतलें गो तूं?” हा तिचा पहिला प्रश्न. ती पोर्तुगीज शाळेत चार इयत्ता शिकलेली. तिला शब्द कळतात, मला सूर कळतात, अशी आमची भागीदारी. एके दिवशी मी तिला सांगत होते की, मागाल्याँइश हे पूर्वी ‘एरॉइश दु मार’ नावाच्या वाद्यवृंदात होते. ती हातातले काम टाकून ताठ बसली. “अगं, हे तर त्यांच्या राष्ट्रगीताचे पहिले शब्द! आम्हाला शाळेत उभे करून म्हणावयास लावीत.” आणि मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

आत्याचे हे बसणे मला पुस्तकांतून मिळालेल्या माहितीपेक्षा अधिक शिकवून गेले. ‘सागरवीर’ हे नाव घेऊन, झेंडे व लष्करी पोशाख यांच्या थाटात हा वाद्यवृंद १९८१ साली पुढे आला, तेव्हा १९७४ ची क्रांती होऊन सातच वर्षे झाली होती. त्याच्यावर तेथेच फॅसिस्टपणाचा आरोप झाला. आरोप न्याय्य होता की नव्हता, हा वाद त्यांचा त्यांनी करावा. माझा प्रश्न निराळा आहे. त्याच माणसाने चार वर्षांनी झेंडे उतरवून ठेवले आणि समुद्र तेवढा ठेवला. माद्रेदेउशच्या गाण्यातील जहाजे कोठे जातात, हे कोणी सांगत नाही. ती केवळ निघून जातात आणि मागे उरते ती ‘साउदाद’. लिस्बनच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला एवढे पुरेसे आहे. पण ती जहाजे जेथे लागली त्या धक्क्यावर आमची आत्या उभी होती. या संगीतातील समुद्र इतका निर्मळ आहे की त्यात आम्ही कोठेच नाही, आणि हा मला त्याचा सर्वात मोठा दोष वाटतो. दोष सांगितल्यावरही गाणे सुंदर राहते, ही त्यातील खरी अडचण. आपल्या मांडोतही विरह आहेच, आणि त्याचे व्हायोलिन त्याच जहाजांतून आलेले आहे. पण त्याच्या शेजारी घुमट वाजत असतो आणि शब्द कोंकणी असतात, तेव्हा कोण कोणाची वाट पाहत आहे याविषयी संदेह उरत नाही.

व्यवहाराची बाजू कंटाळवाणी आहे, ती उरकून टाकते. शेंगेन परवान्यावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. मला दहाच हवे आहेत. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. तेरेझा साल्गैरु २००७ साली वाद्यवृंदातून बाहेर पडल्या, फ्रान्सिश्कु रिबैरु २०१० साली वारले. तेव्हा ज्या माद्रेदेउशसाठी मी जात आहे ते मला तेथे भेटणार नाही, हे जाणून जात आहे. कुर्डीलाही मोगूबाई थोड्याच भेटावयाच्या होत्या?

आराखडा आता बराच बदलला आहे. ‘आइंदा’तील यादी मी खोडून टाकली, आल्फामा वाटेत लागेल तेवढाच. पहिल्या सकाळी सांता आपोलोनिया स्टेशनापासून नदीच्या काठाने शाब्रेगशपर्यंत पायी जावयाचे, आणि नाट्यगृहाचे दार बंद असले तरी बाहेर थांबून त्या रस्त्याचा आवाज ऐकावयाचा. बेलें मात्र मी गाळले होते. तेथे वास्को द गामाची कबर आहे, आणि नदीकाठी १९६० साली उभारलेले ते दर्यावर्दींचे दगडी स्मारक. गाण्याशी त्याचा संबंध नाही, असे मी आत्याला सांगितले. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, “तिथे जाऊनच ये. त्याचे चित्र आमच्या वर्गात भिंतीवर होते. जवळून कसे दिसते, ते मला येऊन सांग.” सांता कातारीनाच्या सज्जासाठी राखलेली सहाव्या दिवसाची दुपार मी बेलेंला देऊन टाकली आहे.