संग्रहालयांतील फलक व विद्यार्थ्यांचें संशोधन

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून गांवच्या इतिहासाचा शोध करवून तो संग्रहालयांत लोकांपुढें मांडण्याचा उपक्रम स्तुत्य आहे. जुनीं दप्तरें, ताम्रपट, वीरगळ यांकडे तरुणांची दृष्टि वळणें इष्टच होय. परंतु अशा प्रदर्शनांचें मुख्य वैगुण्य त्यांच्या फलकांत आढळतें. फलकावर निर्णय तेवढा लिहिलेला असतो. तो कोणत्या पुराव्यानें केला, हें प्रेक्षकास कळत नाहीं.

फलक कसा तपासावा, यास एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें इ. स. २०२४ च्या जुलैंत सातारा येथील संग्रहालयांत मांडण्यांत आलीं. त्यांच्या पेटीवर इंग्रजी लेख आहे. त्याचा आशय असा कीं, शिवाजी महाराजांनीं मोगल सेनापतीस मारलें तें याच वाघनखांनीं, व जेम्स ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असतां पेशव्यांच्या प्रधानानें तीं त्यास दिलीं. अफजलखान तर विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार, मोगलांचा नव्हे. प्रतापगडची भेट मार्गशीर्ष शुद्ध ७ शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ ची, आणि डफ साताऱ्यास आला इ. स. १८१८ त. मधल्या १५९ वर्षांत तीं कोणापाशीं होतीं, याविषयीं लेखांत अवाक्षर नाहीं. शिवाय त्याच वर्षींच्या जूनमध्यें बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. मग हा प्रधान कोण व त्यानें तीं केव्हां दिलीं? हीं तींच वाघनखें असें निश्चित करतां येत नाहीं, असें लंडनच्या संग्रहालयानेंही नमूद केलें आहे.

एवढ्यानें वस्तु खोटी ठरत नाहीं. डफच्या घराण्यांत महाराजांचीं म्हणून जपलेलीं वाघनखें, एवढें विधान पुराव्यानें टिकतें. त्यापुढचें टिकत नाहीं. फलकावर टिकणारें तेवढेंच असावें.

हीच कसोटी विद्यार्थ्यांनीं आपल्या गांवच्या कागदांस लावावी. मोडी पत्र अस्सल कीं नक्कल, कोणाच्या दप्तरांतलें, कोणत्या रुमालांतलें, हें प्रथम लिहावें. सुहूर सनाचें वर्ष मृगापासून सुरू होतें. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळविल्यानें इसवी सन येतो. येथें एका वर्षाची चूक सहज होते. यास्तव मूळ मिति व काढलेली तारीख, दोन्ही द्याव्या. घराण्यांत सांगत आलेली कथा द्यावयाची तर ती कथा म्हणूनच द्यावी.

संग्राहकांवरही जबाबदारी आहे. मोर्तबाचें सुंदर पत्र तेवढें रुमालांतून काढून प्रदर्शनास देणें घातक होय. शेजारच्या कागदांवांचून त्याचा संदर्भ तुटतो. सबंध रुमालाची यादी आधीं करावी, मग पत्र द्यावें. विद्यार्थ्यांनीं केलेलीं वाचनें व टिपणें प्रदर्शन उठल्यावर फेंकून न देतां संग्रहालयानें वस्तूच्या नोंदीशेजारीं ठेवावीं. फलक वाचून घरीं गेलेला प्रेक्षक बहुधा दप्तर पाहावयास येत नाहीं, त्यास फलक हाच इतिहास होतो. म्हणून शोधनिबंधांतील विधानास जो पुरावा आपण मागतों, तोच फलकासही मागितला पाहिजे.