मजुरीदर निर्देशांक आणि व्यवसायनिहाय कामगारसंख्या : एक टीकात्मक टिपण

'मजुरी किती वाढली?' या प्रश्नाच्या उत्तरात दोन आकडे दडलेले असतात : कामाचा दर आणि त्या कामावरच्या माणसांची संख्या. दुसरा आकडा सहसा कुणी तपासत नाही.

एक काल्पनिक कारखाना घेऊ. ८० मदतनीस रोज ४०० रुपयांवर, २० वेल्डर ९०० रुपयांवर. सरासरी ५०० रुपये. वर्षभरात दोन्ही दर ५ टक्क्यांनी वाढले, पण मदतनीस ६० आणि वेल्डर ४० झाले. आता सरासरी ६३० रुपये, म्हणजे २६ टक्के वाढ! प्रत्यक्षात कोणत्याच कामाचा दर एवढा वाढलेला नाही. म्हणूनच निर्देशांकात पायाभूत काळातली कामगारसंख्या स्थिर धरतात.

पद्धत योग्य आहे, पण पाया शिळा झाला तर? केंद्रीय लेबर ब्युरोची कार्यालये चंदीगड आणि शिमला येथे आहेत. या ब्युरोचा मजुरीदर निर्देशांक २०२१ पर्यंत १९६३-६५ च्या पायावर चालला. नोव्हेंबर २०२१ मध्ये २०१६ = १०० ही नवी मालिका आली आणि उद्योग २१ वरून ३७ झाले : ३० कारखानदारीतले, ४ खाणींचे, ३ मळ्यांचे.

ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी बांधकाम आणि सेवा बाहेरच राहिल्या. चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या काँक्रीटची डागडुजी करणारा गवंडी किंवा तिथला सुरक्षारक्षक या निर्देशांकात येत नाही.

याहून खोल दोष नोंदीत शिरू शकतो. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ प्रत्यक्ष कामाचे वर्णन देते. हजेरीपटावर मात्र पदनाम असते. वरच्या ८० मदतनीसांपैकी २० जण सुरुवातीपासून वेल्डिंगच करत असतील, तर वेल्डिंगचा खरा सरासरी दर ९०० नव्हे, ६५० रुपये होता. पाहणी मात्र ९०० च दाखवेल.

ही केवळ आकडेमोड नाही. कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या सचिवालयात पंजाब आणि हरियाणा या दोन्ही सरकारांची कार्यालये आहेत. या राज्यांत किमान वेतन अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल अशा श्रेणींनुसार ठरते. कुशल माणूस 'मदतनीस' म्हणून नोंदला गेला, की त्याची मजुरीही खालच्या श्रेणीने निघते आणि तक्रार करायला कागदावर पुरावा उरत नाही.

म्हणून मजुरीचा कोणताही तक्ता वाचताना आधी विचारा : माणसे कामावरून मोजली, की पदनामावरून?