फाउलरचा लेख वाचा, पण ॲक्शन कोण बनवतं तेही विचारा

डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हटलं की कोणीतरी मार्टिन फाउलर यांचा जानेवारी २००४ मधला लेख हातात देतं. बरोबरच आहे. हे नाव रुळलं ते त्या लेखामुळे. क्लासने आपली सर्व्हिस स्वतः 'न्यू' करून बनवू नये, ती बाहेरून मिळावी, हे त्यांनी चित्रपटांच्या यादीच्या छोट्या उदाहरणातून छान समजावलंय. कन्स्ट्रक्टर, सेटर आणि इंटरफेस या तिन्ही पद्धती शेजारी ठेवून तपासल्यात. आपल्या थिसिसमधला तुलनेचा भाग असा जमला तर काय हवं!

माझी तक्रार उदाहरणाबद्दल आहे. तिथे यादीचा ऑब्जेक्ट कधी जन्मतो, किती काळ जगतो, हा प्रश्नच येत नाही. वेब फ्रेमवर्कमध्ये तोच पहिला प्रश्न असतो. स्ट्रट्स १ मध्ये एकच ॲक्शन सगळ्या रिक्वेस्टना पुरायची. स्ट्रट्स २ मध्ये दर रिक्वेस्टला नवी बनते. तिच्यात येणारी स्प्रिंगची सर्व्हिस मात्र, वेगळं सांगितलं नाही तर, सगळ्यांना मिळून एकच. म्हणजे एका युजरची माहिती सर्व्हिसच्या फील्डमध्ये ठेवलीत, की ती दुसऱ्याच्या हाती लागू शकते.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगलीय. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तारापूर एमआयडीसी भागातल्या सांडपाण्याच्या नमुन्यांचे पीएच भरायचा फॉर्म केला होता. स्ट्रट्सचं स्प्रिंग प्लगिन मुळात नावावरून जोडणी करतं. माझ्या बीनचं नाव 'नमुनासेवा', सेटर मात्र 'सेटनमुनेसेवा'. एका मात्रेचा फरक! ॲप सुरू झालं, एरर नाही, सर्व्हिस नल. त्यात मी शहाणपणा करून 'नल असेल तर पुढे जा' लिहून ठेवलेलं. स्क्रीनवर 'नोंद झाली', डेटाबेसमध्ये काहीच नाही. बोईसरला दोन दिवस बसून भरलेले आकडे गेले. कागदावर होते म्हणून वाचलो.

गंमत म्हणजे सुरुवात कन्स्ट्रक्टरने करावी, हे फाउलर स्वतःच सांगतात. आपण सोयीसाठी सेटर उचलतो. ॲक्शनला एकच कन्स्ट्रक्टर ठेवा आणि सर्व्हिस त्यातूनच मागा. ती सापडली नाही, तर ॲक्शन बनतच नाही आणि चूक लगेच दिसते. शिवाय टेस्टमध्ये सर्व्हर न चढवता खोटी सर्व्हिस देता येते.

रिसर्चमध्ये हे जास्त जपायला हवं. बंद पडलेला प्रोग्राम आपण दुरुस्त करतो. गुपचूप आकडे गाळणारा प्रोग्राम थेट निष्कर्षात उतरतो. म्हणून लेख जरूर वाचा, आणि वाचून झाल्यावर आपल्या कोडमधली एक सर्व्हिस मुद्दाम काढून टाका. ॲप ओरडतंय का, ते बघा.