क्रॉयडनचे सुतार आणि होळकरांची ड्यूसेनबर्ग

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लंडन-ब्रायटन फेरीतल्या जुन्यापुराण्या गाड्या धूर सोडत, धापा टाकत आपल्या क्रॉयडनमधून जातात, हे इथल्या बहुतेक मंडळींना ठाऊक आहे. सगळ्या १९०५ च्या आधीच्या. एका वर्षी थंडीत कुडकुडत त्या पाहताना मुलाने विचारलं, "बाबा, आपल्या मराठी लोकांकडे होत्या का अशा गाड्या?" घरी आल्यावर मी त्याला इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्गचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढी मोठी गाडी, आणि सीट फक्त दोन?"

या गाडीवर इतकं नेमकं परीक्षण मी तरी कुठे वाचलेलं नाही. तरीही थोडं पुढे जाऊ.

ड्यूसेनबर्ग ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची कंपनी. १९२८ च्या अखेरीस तिने मॉडेल जे आणलं. एका ओळीत आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचं इंजिन आणि २६५ अश्वशक्तीचा दावा. १९३२ मध्ये त्यावर सुपरचार्जर बसवून एसजे काढलं, तेव्हा दावा ३२० वर गेला. कंपनी विकायची ती फक्त चासी आणि इंजिन. त्या सांगाड्याचेच सुरुवातीला साडेआठ हजार डॉलर पडत, आणि तेही फोर्डची साधी गाडी पाच-सहाशे डॉलरला मिळत होती त्या काळात. वरचा साज गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायचा. १९३७ मध्ये कंपनी बुडाली. तोवर मॉडेल जेच्या पाचशेसुद्धा गाड्या झाल्या नव्हत्या.

यशवंतरावांनी आपल्या एसजेचा साज लंडनच्या जे. गर्नी नटिंग यांच्याकडून चढवून घेतला. आणि हे गर्नी नटिंग मूळचे कुठले? आपल्या क्रॉयडनचे! इथे घरबांधणी आणि सुतारकाम करणाऱ्या या पेढीने १९१८ मध्ये मोटारींच्या बॉड्या बनवायला घेतल्या आणि काही वर्षांतच बस्तान चेल्सीला हलवलं. बेंटलेची गाजलेली 'ब्लू ट्रेन' कूपे त्यांचीच. तेव्हा सुताराने मोटार बनवण्यात नवल नव्हतं. वरचा पत्रा कितीही चकचकीत असला तरी आतला सांगाडा अॅश लाकडाचा असे, सांधे सुताराच्याच हातचे.

आता गाडीबद्दल. केशरी आणि काळा हे तिचे रंग. पुढे संपतच नाही असं लांबलचक बॉनेट, त्याच्या कुशीतून बाहेर आलेल्या एक्झॉस्टच्या चकचकीत नळ्या, मग अगदी मागे सरकवलेली दोन माणसांची जागा, आणि होडीच्या टोकासारखी निमुळती शेपूट. ए. एफ. मॅकनील यांच्या हाताला वळण होतं यात शंका नाही. एवढं धूड, पण कुठे थुलथुलीत दिसत नाही. पुढे १९५९ च्या कॅडिलॅकला माशाच्या कल्ल्यांसारखे जे पंख फुटले, ते पुढच्या वर्षी नवी गाडी खपावी म्हणून. इथे तसलं काही नाही. पण माझ्या मते एक खोट आहेच. ही गाडी फक्त बाजूने पाहण्यासाठी बनवली आहे. नेहमीच्या ड्यूसेनबर्गच्या आखूड चासीतही पुढच्या-मागच्या चाकांत जवळजवळ बारा फुटांचं अंतर असे. एवढ्या लांबीतून दोनच माणसांची सोय निघते तेव्हा ते वाहन राहत नाही, मिरवणुकीतला हत्ती होतो. आणि हत्तीवरसुद्धा अंबारीत जास्त माणसं बसतात!

गंमत म्हणजे याच माणसाची दुसरी निवड अगदी उलटी होती. चीमची शाळा (आपल्याकडून बसने जाता येईल इतकं जवळ), चार्टरहाउस आणि ऑक्सफर्ड करून परतलेल्या यशवंतरावांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून इंदूरला माणिकबाग बांधून घेतली. सरळ रेषा, नक्षीकामाला फाटा. ब्रांकुशीची शिल्पं त्यांनी विकत घेतली, त्यांच्यासाठी मंदिर बांधण्याचा बेतही केला, तो राहून गेला. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात या संग्रहावर मोठं प्रदर्शन झालं. मोटारींच्या पुस्तकांत मात्र हा माणूस नुसता 'महाराजा' उरतो. ज्याने आपल्या काळातलं सर्वात नवं ते हेरलं, त्याला अशा गोष्टींत पगडी आणि हिऱ्यांपुरतं ठेवलं जातं, हे मला खटकतं.

पण लगेच "आमच्या मराठी राजाची गाडी" म्हणून छाती फुगवायलाही मी तयार नाही. पैसा माळव्यातल्या रयतेच्या साऱ्याचा होता. अहिल्याबाईंनी घाट आणि मंदिरं बांधली, त्यांच्या गादीवरच्या वारसाने दोन सीटची मोटार घेतली. तुलना अन्यायाची असेलही, पण गाडीवर लिहिताना ती मनात येतेच.

राहिला प्रश्न जीर्णोद्धाराचा. अशा गाड्या प्रदर्शनात येतात तेव्हा कारखान्यातून निघतानाही नव्हत्या इतक्या तुकतुकीत असतात. दारांच्या फटी मोजून सारख्या, लाकूड बदललेलं, कातडं नवं, रंगाचे थरावर थर. फिवा या जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने ट्यूरिन सनदेत नव्याने घडवण्यापेक्षा आहे ते जपण्यावर भर दिला आहे, तो मला पटतो. आजीच्या पैठणीचा विरलेला पदर कापून नवा जोडला तर ती नेसता येईल, पण आजीच्या हाताची घडी जिथे पडायची ती जागा जाते. गर्नी नटिंगच्या सुताराचा हात त्या लाकडात होता. ते कुजलं म्हणून काढून टाकलं की उरतो तो त्याने काढलेला आकार. आकारही काही कमी नाही म्हणा. नाहीतर मी एवढं लिहिलं नसतं. पण किंमत लावणाऱ्यांनी या दोन्हींतला फरक उघडपणे सांगायला हवा, ही अपेक्षा फार नाही.

मुलाला मात्र ब्रायटनच्याच गाड्या आवडतात. मागे एक आमच्यासमोरच बंद पडली. मालक, त्याची बायको आणि बघ्यांपैकी चार जण तिला ढकलत होते, त्यांत माझा मुलगाही होता. घरी आला तो दोन्ही तळवे ग्रीसने काळे करून, आणि जेवायला बसेपर्यंत काही केल्या हात धुवायला तयार नव्हता.