नकाशावरील जहाज : मोजलेले किती, सांगितलेले किती?

जगभरातील जहाजांच्या जागा संगणकाच्या पडद्यावर दाखवणारे नकाशे वर्गात दाखवण्याजोगे आहेत. ठिपका निवडला की तेलवाहू जहाजाचे नाव, लांबी, वेग आणि पुढचे बंदर एका चौकटीत दिसते. साधन उपयुक्त आहे, पण त्यात एक मोठा दोष आहे. वेगवेगळ्या वाटांनी आलेले आकडे ते सारख्याच खात्रीने मांडते.

ही माहिती मुख्यतः जहाजावरील स्वयंचलित ओळख यंत्रणेकडून येते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या मोठ्या जहाजांवर ती २००४ अखेरपर्यंत सक्तीची झाली. चालत्या जहाजाची जागा व वेग यंत्रणा दर काही सेकंदांनी रेडिओलहरींवरून कळवते. जागा उपग्रहांच्या साहाय्याने आपोआप ठरते. जहाज पाण्यात किती बुडाले आहे आणि कोठे निघाले आहे, हे मात्र जहाजावरील माणूस हाताने भरतो. तो आकडा बदलायला विसरला, तर भरलेले जहाज नकाशावर रिकामे दिसते!

शिवाय किनाऱ्यावरील केंद्रांचा पल्ला मर्यादित असतो. भर समुद्रात उपग्रहाने संदेश टिपला नाही, तर ठिपका जुन्याच जागी राहतो. निर्बंध चुकवणारी काही तेलवाहू जहाजे यंत्रणा बंद ठेवतात किंवा खोटी जागा कळवतात. म्हणजे नकाशा जहाज पाहत नाही. जहाज स्वतःविषयी जे सांगते, ते ऐकतो.

वैशिष्ट्यांच्या रकान्यातही असाच घोटाळा होतो. ‘सीवाईज जायंट’ हे ४५८ मीटर लांबीचे तेलवाहू जहाज घ्या. त्याच्यापुढचा ५,६४,७६३ टन हा आकडा अनेकजण जहाजाचे वजन समजतात. तो आहे जहाज किती भार वाहू शकते याचा : तेल, इंधन, पाणी, सामान, सारे धरून. याच जहाजाचे ‘ग्रॉस टनेज’ सुमारे २ लाख ६० हजार. ते तर वजनच नव्हे, जहाजाच्या आतील आकारमानावरून काढलेली संख्या. चौकटीत दोन्ही शेजारी असतात, स्पष्टीकरण मात्र नसते.

या जहाजाची नावे पुढे बदलत गेली : ‘हॅपी जायंट’, ‘यारे वायकिंग’, ‘नॉक नेव्हिस’, शेवटी ‘माँट’. २०१० मध्ये गुजरातमधील अलंग येथे ते मोडले गेले. बदलला नाही तो ७३८११५४ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक. विद्यार्थ्यांना त्याचे पहिले सहा अंक अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणून बेरीज करायला सांगावी. उत्तर १२४ येते. त्यातील शेवटचा ४ हाच क्रमांकाचा सातवा अंक. अर्थात हा ताळा क्रमांक नीट लिहिला आहे एवढेच सांगतो. तो कळवणारे जहाज तेच आहे, हे सांगत नाही.

म्हणून नकाशा वर्गात जरूर दाखवावा, पण प्रत्येक आकड्यापुढे मुलांकडून एक शब्द लिहून घ्यावा : मोजलेला, नोंदलेला की सांगितलेला. नकाशाने न केलेले हे काम वर्गात झाले, तर तास सार्थकी लागेल.