विद्यार्थ्यांची माहिती, संशोधकांची सोय : ब्रिटनमधील वैद्यकीय शिक्षण माहितीसंग्रहाच्या निमित्ताने

वैद्यकीय शिक्षणविषयक संशोधनात एकाच महाविद्यालयाच्या आकडेवारीवरून फारसे निष्कर्ष काढता येत नाहीत. प्रवेश परीक्षेतील गुणांचा पुढील व्यावसायिक कामगिरीशी काय संबंध आहे, हे तपासावयाचे तर प्रवेश देणाऱ्या, शिकविणाऱ्या, परीक्षा घेणाऱ्या व नोंदणी करणाऱ्या संस्थांकडे विखुरलेली एकाच विद्यार्थ्याची माहिती एकत्र जोडावी लागते. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल आणि मेडिकल स्कूल्स कौन्सिल यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘यूके मेडिकल एज्युकेशन डेटाबेस’ हा अशा जोडणीचा ठळक प्रयोग होय. जॉन डॉवेल व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘बीएमसी मेडिकल एज्युकेशन’ या नियतकालिकात त्याचा परिचय करून दिला. हा संग्रह काय आहे, तुम्ही तो का व कसा वापरू शकाल, असा त्या लेखाच्या शीर्षकाचा आशय आहे. यातील ‘तुम्ही’ म्हणजे संशोधक. ज्याची माहिती वापरली जाणार तो विद्यार्थी या संबोधनात येत नाही. प्रस्तुत टिपणाचा रोख या मुद्द्याकडे आहे.

प्रथम या योजनेचे श्रेय तिला दिले पाहिजे. कॅथरिन वुल्फ, हेन्री पॉट्स आणि ख्रिस मॅकमॅनस यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील आढाव्यात दाखवून दिले की, ब्रिटनमध्ये शिकलेल्या अल्पसंख्य वांशिक गटांतील विद्यार्थ्यांची व डॉक्टरांची परीक्षांमधील कामगिरी सरासरीने गौऱ्या सहाध्यायांहून कमी राहते. ही तफावत एका महाविद्यालयापुरती नव्हती, म्हणूनच ती गंभीर ठरली. प्रत्येक संस्थेने आपली गुणपत्रके कुलुपात ठेवली असती, तर ‘आमच्याकडे असे काही नाही’ असे म्हणण्याची सोय प्रत्येकीला राहिली असती. गोपनीयतेच्या नावाखाली माहिती न देणे हेही नैतिक दृष्ट्या निर्दोष नसते, हे आपल्याकडील प्राध्यापकवर्गाने लक्षात घेण्याजोगे आहे.

संरक्षणाची व्यवस्थाही काळजीपूर्वक केलेली आहे. नावे व थेट ओळख पटविणारे क्रमांक काढलेली माहिती संशोधकाच्या हाती दिली जात नाही. त्याला ‘सेफ हेवन’ नावाच्या बंदिस्त संगणकीय व्यवस्थेत जाऊन काम करावे लागते. बाहेर नेण्याचे तक्ते आधी तपासले जातात. विद्यार्थिसंख्या पाचच्या पटीत दिली जाते आणि फार लहान गटांच्या टक्केवाऱ्या वगळल्या जातात.

तरीही दोन आक्षेप उरतात. पहिला, संमतीचा. प्रत्येक अभ्यासासाठी विद्यार्थ्याची स्वतंत्र संमती घेतली जात नाही. माहितीच्या अशा वापराची त्याला सूचना दिलेली असते. प्रस्तुत लेखकाला हा दोष फार मोठा वाटत नाही. प्रवेशाच्या दिवशी शुल्काच्या पावतीबरोबर पुढे सरकवलेल्या कागदावरील सही ही संमती कशी मानावी? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थ्यांचा समावेश असुरक्षित गटांत करतात, कारण श्रेणीबद्ध संबंधांत ‘नाही’ म्हणणे त्यांना सोपे नसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हा संग्रह चालविण्यात प्रमुख वाटा असलेली जनरल मेडिकल कौन्सिल हीच डॉक्टरांची नोंदणी करते व त्यांच्या व्यवसाययोग्यतेचा निवाडाही तिच्याच व्यवस्थेत होतो. संशोधनासाठीच्या सवलतीखाली वापरलेल्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यास ब्रिटनचा माहिती संरक्षण कायदा सर्वसाधारणपणे मज्जाव करतो. परंतु हे कलम ‘विशिष्ट व्यक्ती’पाशी थांबते. एखाद्या प्रकारच्या शाळांमधून आलेले विद्यार्थी पुढे मागे पडतात, असा निष्कर्ष निघाला आणि त्यावरून निवडीचे निकष बदलले, तर त्याची झळ पुढील वर्षीच्या उमेदवारांना बसेल. त्यांतील कोणाचीही नोंद त्या अभ्यासात नसेल. गटाला होणाऱ्या या हानीवर नावे पुसण्याचा उपाय चालत नाही. तेथे अभ्यासाचा प्रश्न कोणी व कशासाठी मांडला, हेच तपासावे लागते.

आपल्याकडील स्थिती याहून वेगळी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाच्या कलम १७ मध्येही संशोधनाला अशाच अटीवर सूट आहे. विहित मानकांचे पालन ही त्यातील आणखी एक अट. मात्र महाराष्ट्रात ‘नाव काढले’ एवढ्याने काहीच साधत नाही. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी मॅसॅच्युसेट्सचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची निनावी रुग्णालयीन नोंद मतदार यादीच्या साहाय्याने शोधून काढली होती. त्यासाठी जन्मतारीख, लिंग व पोस्टाचा क्रमांक पुरेसा ठरला. आपल्याकडे तितकेही श्रम नकोत. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या निवड याद्यांत नाव, लिंग, प्रवर्ग, नीटमधील गुणानुक्रम आणि मिळालेले महाविद्यालय हे सारे एका ओळीत प्रसिद्ध होत आले आहे. एखाद्या महाविद्यालयाने ‘निनावी’ म्हणून दिलेल्या फाईलमध्ये नीटचा गुणानुक्रम असेल, तर तो नावाइतकाच बोलका असतो. तो वगळला तरी, ज्या पदव्युत्तर विभागात वर्षाला तीन-चार जागा आहेत, तेथे वर्ष, लिंग व प्रवर्ग एवढ्यावरून विद्यार्थिनी ओळखू येते. मग तिच्या अनुत्तीर्ण झालेल्या विषयाचा रकाना तिच्या भावी विभागप्रमुखालाही वाचता येतो.

पाचच्या पटीतील आकडे, छोटे गट वगळणे, तक्ते बाहेर जाण्यापूर्वी तपासणे या गोष्टींना मोठा खर्च नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना आपसांत संशोधन करताना त्या आजही अंगीकारता येतील. अडचण दुसरीकडे आहे. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या नीतिमत्ता समितीच्या अर्जांत रुग्णाच्या संमतिपत्राचा नमुना जोडण्याची सूचना ठळक अक्षरांत असते. विद्यार्थ्यांच्या गुणांची फाईल कोणाच्या संगणकावर राहील आणि ती कधी नष्ट केली जाईल, यासाठी मात्र त्यांत रकाना नव्हता.